कोळंबीच्या डब्यातले चौदा रोल

गेल्या गणपतीनंतरच्या एका रविवारी मी माझ्या साडूच्या हातात कोळंबीचा डबा म्हणून फिल्मचा डबा दिला. फिल्म म्हणजे जुन्या कॅमेऱ्यात घालायचे रोल. चौदा होते, सगळे ब्लॅक अँड व्हाइट. कोणी म्हणेल, देण्याआधी डबा उघडून बघायला काय झालं होतं? पण उघडायचं काही कारणच नव्हतं. डब्यावर ठळक अक्षरात 'कोळंबी' असं लिहिलेलं होतं, आणि अक्षर माझंच होतं.

हे जरा मागे जाऊन सांगायला हवं.

आमच्या रत्नागिरीतला एक फोटो स्टुडिओ बंद झाला त्याला बरीच वर्षं झाली. बंद करताना मालक उरलेले रोल स्वस्तात काढतोय ही बातमी मला साडूनेच दिली होती. साडू म्हणजे माझ्या मेहुणीचा नवरा, माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान. तेव्हा त्याचं नुकतं लग्न झालेलं. "दादा, संध्याकाळी दोघं जाऊ, अर्धे अर्धे घेऊ," म्हणाला. मी सकाळीच गेलो. मालक यायच्या आधी त्याच्या पायरीवर बसून होतो. होते नव्हते तेवढे रोल पिशवीत भरले, घरी आणले आणि संध्याकाळी साडूबरोबर पुन्हा त्याच दुकानात गेलो. मालकाच्या जागी त्याचा भाऊ बसला होता म्हणून वाचलो. "अरेरे," मी म्हणालो, "कोणीतरी आधीच उचलले वाटतं." साडू बिचारा परत येताना मलाच चहा पाजत होता.

असं मी का केलं? त्याचं उत्तर माझ्या सासुरवाडीच्या माजघरात टांगलेलं आहे. सासूबाई अंगणात सुपावर आंब्याची साठं पसरताहेत, असा एक फोटो आहे तिथे. साडूने काढलेला. सासूबाईंच्या हाताच्या शिरा दिसतात, रसाची चकाकी दिसते, आणि मागे एक मांजर अगदी ज्या ठिकाणी बसायला हवं त्या ठिकाणी बसलेलं आहे. घरी येणारा प्रत्येक पाहुणा त्या फोटोपाशी थांबतो. त्याच्या बरोबर खाली मी दिलेलं भिंतीवरचं घड्याळ आहे. त्यात लोक किती वाजले ते बघतात. थोरला जावई मी, पाट मला पहिला, वाढप मला आधी. पण माजघरात मी खाली आणि तो वर.

माझ्याकडे कॅमेरा त्याच्यापेक्षा चांगला होता. मग रोलही माझ्याकडेच हवेत, असं मला वाटलं. त्यातले दोन सुरुवातीला वापरले. एकावर कॅमेऱ्याचं झाकण काढायला विसरलो होतो, त्यामुळे खरं तर एकच. उरलेले चौदा मी ठेवून दिले. काहीतरी तसंच मोलाचं समोर आलं की काढू, असं म्हणत म्हणत वर्षं गेली, आणि खोक्यांवरची मुदतही गेली.

रत्नागिरीत फिल्म ठेवणं म्हणजे सोपं काम नाही. इथे पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, कपाटातल्या पट्ट्यावर बुरशी येते. मी प्रत्येक रोल वेगळ्या पिशवीत घालून हवा दाबून काढली. चपलांच्या दुकानात जाऊन खोक्यातल्या त्या ओल ओढणाऱ्या पुड्या मागून आणल्या. दुकानदार म्हणाला, "चप्पल नको, नुसत्या पुड्या?" मी हो म्हणालो. मग हे सगळं आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात भरून फ्रीजरमध्ये.

फ्रीजर ही बायकोची मालमत्ता. सुरमईच्या तुकड्या, ओल्या नारळाचा खव, सोललेली कोळंबी. तिने मला डाव्या कोपऱ्यात एका डब्यापुरती जागा दिली. अडचण साडूची होती. तो आमच्याकडे आला की चपला काढायच्या आधी फ्रीजर उघडतो, बर्फ घेतो. त्याला कोळंबी चालत नाही, खाल्ली की ओठ सुजतात. म्हणून मी माझ्या डब्यावर पट्टी चिकटवून 'कोळंबी' असं लिहिलं. त्या डब्याला तो बोटही लावणार नाही. बायकोने ते वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि शेजारच्या तिच्या खऱ्या कोळंबीच्या, तसल्याच आइस्क्रीमच्या डब्यावरही माझ्याकडून तशीच पट्टी लिहून घेऊन लावली. "नाहीतर उद्या तुमचे रोल शिजवायला घेईन," म्हणाली.

गेल्या गणपतीत सासुरवाडीला साडूने मला परसात गाठलं. दिवाळीनंतर सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं होतं.

"दादा, माझ्याकडचे रोल संपले. आता मिळतात ते परवडत नाहीत. आईंचा सोहळा फिल्मवर काढावा असं फार मनात आहे. तुमच्याकडे एखादा जुना पडलेला असेल का हो?"

"छे रे," मी म्हणालो. "आता कुठले? मोबाइलवर काढ की. त्यात काय वाईट आहे?"

असं म्हणून मी समोरच्या अळवाकडे बघत राहिलो. मनात म्हणालो, आधीच वर टांगलेला आहेस, अजून किती वर जाणार!

त्यानंतरचा तो रविवार. साडू मेहुणीला न घेता एकटाच आला होता, आता निघाला होता. बायको भाकऱ्या थापत होती. ती स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, उजवीकडचा कोळंबीचा डबा द्या त्यांच्याजवळ. तिला कालवण करायचंय." मी उजवीकडचा डबा काढला, वर्तमानपत्रात गुंडाळला, पिशवीत घालून दिला. त्याने पिशवी अंगापासून लांब धरली. मी त्यावर हसलोसुद्धा.

त्याच दिवशी सकाळी रोल मोजायला मी दोन्ही डबे बाहेर काढले होते आणि ठेवताना उलटे ठेवले होते, हे मला दुपारी वीज गेल्यावर कळलं. वीज गेली की मी माझ्या डब्याभोवती जुना टॉवेल गुंडाळतो. त्याआधी सवयीने झाकण उघडलं, तर आत कोळंबी. थंडगार, गुलाबी, एकमेकींना बिलगलेली.

मी खुर्चीवर बसलो. चौदा रोल गेले हे एक. पण त्या खोक्यांवर अजून त्या स्टुडिओच्या किमतीच्या पिवळ्या चिकट्या होत्या. म्हणजे साडूला एका झाकणाखाली माझ्या दोन थापा मिळणार होत्या, एक नवी आणि एक त्याच्या लग्नाच्या वर्षातली. आणि दिवाळीनंतर सोहळ्याला सगळं सासर एका मांडवात जमणार होतं.

मी वाक्य तयार केलं. 'ती कोळंबी जुनी निघाली, खाऊ नका, ही ताजी घ्या.' डबा बदलायचा आणि निघायचं. मेहुणीने अजून उघडला नसेल तर सुटलो. खरा डबा पिशवीत घालून स्कूटर काढली. बायको दारात आली. मी कुठे चाललोय ते तिने विचारलं नाही. "हेल्मेट घाला," एवढंच म्हणाली.

मांडवीला त्यांच्या दारात पोचेपर्यंत पिशवीतून पाणी गळून माझी पँट गुडघ्यापर्यंत ओली झाली होती. दार साडूनेच उघडलं. त्याच्या मागे टेबलावर पंचा अंथरलेला आणि त्यावर चौदा रोल एका ओळीत मांडलेले. एकही पिशवी फोडलेली नव्हती. थंडीतून काढलेली फिल्म लगेच उघडली तर आत दव धरतं, हे त्याला ठाऊक होतं. मला ते ठाऊक नव्हतं, हे मी इथे पहिल्यांदाच कबूल करतो.

"या भावोजी!" आतून मेहुणी म्हणाली. "केवढी गंमत केलीत हो! हे मघापासून नुसते त्या टेबलाभोवती फिरतायत."

"गणपतीत नाही म्हणालात तेव्हा मला खरंच वाटलं होतं, दादा," साडू म्हणाला. "आणि कोळंबीच्या डब्यात घालून दिलेत! मी तर डबा तसाच हिच्याकडे दिला होता."

मी दारातच उभा होतो. तयार केलेलं वाक्य तोंडात होतं, पण ते आता कशालाच जुळत नव्हतं.

"मग?" मी म्हणालो. "आईंच्या सोहळ्याला आपल्याकडून काहीतरी नको?"

त्याने एक रोल उचलला. पिशवीतून ती पिवळी चिकटी दिसत होती. त्याने ती बघितली, चांगली बघितली, आणि रोल परत ओळीत ठेवला.

"फार जपलेत हो," तो म्हणाला.

"आणि ही खरी कोळंबी," मी पिशवी मेहुणीकडे दिली. म्हणजे रोलही गेले आणि कोळंबीही गेली.

सोहळ्याच्या दिवशी सासूबाईंना ओवाळायला दिव्यांनी भरलेली ताटं मांडली होती, आणि मी ताटांकडे न बघता साडूकडे बघत होतो. त्याने बटण दाबलं की मी मनात एक आकडा कमी करायचो. सासूबाईंवर खर्च केले ते ठीक. पण आचाऱ्यावर? परसातल्या कोंबडीवर दोन? एकदा तर तो नुसत्या पत्रावळींच्या ढिगाकडे कॅमेरा रोखून गुडघ्यावर बसला, तेव्हा मी हातातला द्रोण चुरगळला. सासूबाई येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या, "रोल आमच्या थोरल्या जावयांचे हो. किती वर्षं जपून ठेवले होतेनी." प्रत्येक जण माझी पाठ थोपटत होता. मी हसत होतो. मनात म्हणत होतो, सगळे वाया जाऊ देत, मुदत संपलेले आहेत, काही म्हणता काही उमटू नये.

सगळं उमटलं. तीन आठवड्यांनी साडू पाकीट घेऊन आमच्याकडे आला. धुणं, छापणं सगळं त्याने न्हाणीघर अंधारं करून स्वतः केलं होतं. जुन्या फिल्ममुळे फोटोंवर हलकी राख पसरल्यासारखी झाली होती आणि त्यामुळे ते जास्तच चांगले दिसत होते, याचा मला वेगळा राग आला. दिव्यांच्या उजेडात सासूबाई. फुंकणीने चूल फुंकणारा आचारी. कोंबडीसुद्धा, काय सांगू, बघत राहावी अशी.

शेवटचा फोटो माझ्या बायकोचा होता. मागच्या पडवीच्या पायरीवर बसलेली, मान मागे टाकलेली, तोंडावर पदर धरायला गेलेला हात वाटेतच राहिलेला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. लग्नाला पंचवीस वर्षं झाली आमच्या. मी तिचा फिल्मवर काढलेला फोटो एकच आहे, भाट्याच्या समुद्राकाठच्या पुळणीवरचा. त्यात ती पोलीस भरतीला उभी राहिल्यासारखी दिसते. "हलू नको, रोल वाया जाईल," असं मी म्हणालो होतो, हे मला त्या क्षणी अगदी आवाजासकट आठवलं.

त्याच्यावरून माझी पहिल्यापासून जळफळ व्हायची, पण ती आजवर फोटोंपुरती होती. त्या हसण्यावरून जी झाली ती काही और होती. माझे रोल, माझी बायको, आणि ते हसणं त्याच्या वाट्याला.

साडू गेला. त्याने एक रोल न वापरता परत आणला होता. "तुमच्यासाठी ठेवला, दादा," म्हणून टेबलावर ठेवून गेला. बायको तो फोटो खिडकीपाशी नेऊन बघत होती. मी सहज विचारतोय असं दाखवून विचारलं, "एवढी हसत होतीस, काय सांगत होता तो?"

"तुमचंच," ती म्हणाली. "गळकी पिशवी घेऊन तुम्ही दारात कसे उभे होतात ते करून दाखवत होते. आणि तो रोल फ्रीजरमध्ये ठेवू नका. त्या जागी मी बांगडे ठेवलेत."