नाकाबंदीतला माझा फोटो

ती घटना मला आजही आठवते. आठवते म्हणजे, विसरू दिली जात नाही. जुन्या ठाण्यातले सहकारी लग्नात भेटोत की तेरवीला, आधी कडक सॅल्यूट मारतात आणि मग तर्जनी पुढं करून विचारतात, "साहेब, पकडू का?" बाजूच्या पाहुण्यांना वाटतं, पोलिसांची काही गुप्त खूण असेल. खूण आहेच, पण माझ्या मूर्खपणाची.

निवृत्तीआधी मी दक्षिण नागपुरातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. हुडकेश्वरकडची नवी वस्ती, अर्धी घरं रंगवून झालेली, अर्ध्यांच्या सळया अजून आकाशाकडे. मे महिना होता. आमच्याकडे मेमध्ये बारा ते पाच रस्त्यावर कुणी नसतं, आणि जो असतो त्यानं डोक्यापासून हनुवटीपर्यंत दुपट्टा गुंडाळलेला असतो. समोरून बाप आला तरी पोरगा त्याला गाडीवरूनच ओळखतो. त्यामुळे त्या दिवसांत आमच्या सगळ्या कॅमेऱ्यांत मिळून नुसते डोळे दिसतात.

दुपारी एकच्या सुमारास एक बाई ठाण्यात आली. पायात चप्पल नव्हती. बाहेर डांबर मऊ झालं होतं आणि तिला तळपाय भाजल्याचं भानही नव्हतं.

"साहेब, माही मुन्नी दिसून नाही राहिली."

मुलीचं खरं नाव सांगता येत नाही. घरचे तिला मुन्नी म्हणत, तेच चालवू. आमच्याकडे दर गल्लीत एक मुन्नी असतेच. वय साडेचार वर्षं. वडील सीताबर्डीवर कपड्याच्या दुकानात कामाला, आई घरी ब्लाउज शिवायची. खिडकीतल्या कूलरमधून ओट्यावर पाणी ठिबकायचं, त्याखाली वाटी धरून मुन्नी खेळत होती. आईनं एक बाही जोडली, मशीन थांबवलं आणि बाहेर पाहिलं, तर ओट्यावर नुसती वाटी.

अठरा वर्षांखालचं मूल हरवलं की थेट अपहरणाचाच गुन्हा नोंदवायचा असतो. तो नोंदवला, नाकाबंदी लावली आणि वायरलेसवर वर्णन दिलं. वायरलेसवर माझा आवाज चांगला लागतो असा माझा समज होता, म्हणून मी ते तीनदा दिलं. "पिवळा फ्रॉक, दोन वेण्या, लाल रिबिनी." आता मागे वळून पाहतो तेव्हा कळतं की मी शहरभर एक फ्रॉक शोधायला लावला होता.

अर्ध्या तासात पहिली खबर आली. सीताबर्डीवरच्या एका खबऱ्याचा फोन. पिवळा फ्रॉक, दोन वेण्या, सोबत एक म्हातारा, पोरगी रडून राहिली. मी तपास पथक पिटाळलं. त्यांनी म्हाताऱ्याला भर बाजारात घेरलं. तेव्हा पोरीनं रडणं थांबवून आमच्या शिपायाच्या पोटरीला चावा घेतला आणि ओरडली, "माह्या आजोबाले सोड!" ती रडत होती कारण आजोबांनी फुगा घेऊन दिला नव्हता. शिपायानं स्वतःच्या खिशातून फुगा घेऊन दिला आणि वर धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं.

तोवर मी स्वतः उमरेड रोडवर नाकाबंदीला उभा होतो. हुकूम माझाच होता की प्रत्येकाचा दुपट्टा सोडून चेहरा पाहायचा. लोक वैतागत होते. "साहेब, काहून उन्हाची लू लावता गा आम्हाले?" असं एकानं विचारलंही. सोबत आमचे एक जुने हवालदार होते. निवृत्तीला वर्ष राहिलेलं, पण मुलानं नवा मोबाइल घेऊन दिल्यापासून त्यांना फोटोचं वेड लागलं होतं.

अडीचच्या सुमारास एक मोपेड आली. चालवणारा तिशीतला माणूस, पुढं पायदानावर उभं एक लहान पोर. अंगात ढगळ बनियान, खाली चड्डी, डोकं ताजं भादरलेलं. माणसानं मी सांगायच्या आत दुपट्टा सोडला, हसला आणि म्हणाला, "रामराम साहेब. पोराचं जावळ काढून आणलं."

आता माझी बाजू ऐका. आदल्याच आठवड्यात माझ्या नातवाचं जावळ झालं होतं, आणि कुठलंही टकलू पोर पाहिलं की मला पाझर फुटत होता. शिवाय महिन्याभरापूर्वी मी तंबाखूचा खर्रा सोडला होता, त्यामुळे खिसा संत्र्याच्या गोळ्यांनी भरलेला असायचा. मी पोराच्या डोक्यावरून हात फिरवला. तळहाताला बारीक खुंट टोचले. गोळी काढून दिली. हवालदार म्हणाले, "साहेब, जरा इकडं पाहा." मी पोट आत घेतलं, जमेल तेवढं, आणि पाहिलं.

फोटो निघायच्या आत पोरानं गोळी एका हातात घेतली आणि दुसऱ्या हातानं माझं बोट धरलं. घट्ट. सोडेना. मला काय वाटलं असेल? मला वाटलं, लहान मुलांना आपण आवडतो. हवालदारांना मी म्हणालोही, "पाहा, लेकरं माणूस ओळखतात." मग हसत हसत मी ती बोटं एकेक करून सोडवली, मोपेडच्या मागे हात मारला आणि म्हणालो, "जा बाबा, ऊन लागेल पोराला."

चारला ठाण्यात परतलो. मुन्नीची आई बाकावर बसून होती. शेजारी आमच्या महिला हवालदार. त्यांना ठाण्यात सगळे ताई म्हणत, वयानं मोठा असून मीही. मुन्नीचे वडील कोपऱ्यात उभे होते, भिंतीला पाठ लावून. पोलीस ठाण्यात ज्याचं काही हरवलेलं असतं तो आपल्या चेहऱ्याकडे पाहतो, टेबलाकडे नाही. मी दोघांची नजर चुकवून केबिनमध्ये गेलो.

मागोमाग ताई आल्या. हातात मोबाइल. हवालदारांनी फोटो ठाण्याच्या ग्रुपवर टाकला होता, खाली मजकूर, 'भर उन्हात खाकीतील माणुसकीचे दर्शन'. अकरा जणांनी अंगठे दाखवले होते. एक अंगठा माझाच होता.

"साहेब, हे पोरगं कोणाचं व्हय?"

"जावळ काढून आणलेलं होतं. बापासोबत."

"आई कुठं होती?"

"नव्हती."

"अन् मामा? मामाच्या मांडीवर बसवून काढतात ना जावळ. तुमच्या नातवाच्या वेळी किती लोक होते?"

चाळीस होते. टेम्पो केला होता.

"डोक्याले हळद नाही. स्वस्तिक नाही. नवे कपडे नाही. साहेब, जावळाच्या दिवशी पोराले मोठ्या माणसाची जुनी बनियान कोणती आई घालते? पाहा, खांद्यावर गाठ मारली आहे." त्यांनी फोटोतलं डोकं मोठं केलं. "वस्तऱ्यानं काढलं होतं का मशीननं?"

माझ्या तळहाताला ते खुंट पुन्हा टोचले. अजूनही अधूनमधून टोचतात.

फोटो आईला दाखवायला मी गेलो नाही. ताई गेल्या. मी दारात उभा राहिलो. बाईनं मोबाइल हातात घेतला. मला वाटलं होतं की केस नसलेलं पोर ओळखायला तिला वेळ लागेल. तिनं लगेच मोबाइल छातीशी धरला. मग पुन्हा समोर घेऊन नीट पाहिला, आणि मान वर करून माझ्याकडे.

"साहेब, तुमच्या हातात होती माही मुन्नी?"

तीस वर्षांच्या नोकरीत वरिष्ठांनी मला पुष्कळ झापलं आहे. त्यातलं एकही वाक्य आज शब्दशः आठवत नाही. हे आठवतं.

"हो," मी म्हणालो. "आता परत आणतो." असं वचन पोलिसानं कधी देऊ नये. पण दुसरं काही तोंडात आलं नाही.

फोटो मोठा करून पाहिला. मोपेडचा नंबर दिसायलाच हवा होता. पण नंबरप्लेटच्या बरोबर समोर माझं पोट होतं. आत घेतलेलं असूनही. हवालदार बारीक आवाजात म्हणाले, "साहेब, शेवटचे दोन आकडे दिसते बाजूनं."

मात्र माझ्या कोपराखालून मागच्या सीटवर बांधलेली एक गोणी दिसत होती, आणि तिच्या तोंडातून वाळ्याचं गवत बाहेर आलं होतं. कूलरच्या जाळीत भरतात ते. मुन्नीचे वडील कोपऱ्यातून येऊन मागून फोटो पाहत होते. ते पुढं झाले आणि त्या गवतावर बोट ठेवलं. "मागच्या हप्त्यात आमच्या घरचं गवत बदलून गेला हा. मुन्नीनं त्याले पाणी आणून दिलं होतं."

त्याचं नाव कुणाला माहीत नव्हतं. कूलरवाल्याचं नाव कोण विचारतं? पण त्यानं दिलेली पावती होती, प्रताप नगरातल्या एका कूलर दुकानाची. पावणेपाचला आम्ही तिथं होतो.

दुकानदार घामानं थबथबलेला. "मले काहीच माहीत नाही साहेब. असे बारा पोरं येतात सीझनमध्ये." मी माझ्या पद्धतीनं चौकशी सुरू केली, म्हणजे आवाज चढवला आणि काउंटरवर मूठ आपटली. काउंटर पत्र्याचा होता, कड वर आलेली. माझ्या हातातून रक्त आलं आणि आरोपीकडे जाण्याचा रस्ता विचारण्याऐवजी मी त्याच्याकडे पट्टी मागितली.

तो आत पट्टी शोधत होता, तेवढ्यात ताई भिंत पाहत होत्या. भिंतीवर खिळ्यांची रांग होती, प्रत्येकाखाली खडूनं नाव. दुकान. घर. टेम्पो. गोदाम. शेवटच्या खिळ्याला किल्ली नव्हती.

पट्टी घेऊन तो बाहेर आला, तेव्हा ताईंनी त्याला आधी पाणी प्यायला लावलं. मग विचारलं, "भाऊ, तुम्हाले लेकरं किती?"

"दोन."

"कुठं आहेत आता?"

"घरी."

"तिकडं ठाण्यात एक आई बसली आहे, तिचं लेकरू घरी नाही. गोदामाची किल्ली कोणाजवळ आहे?"

त्यानं रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं. गुन्ह्यात नव्हता बिचारा. कामगाराची पोलीस पडताळणी केली नव्हती, त्यासाठी आत जाऊ या भीतीनं गप्प होता. मी म्हणालो, "ते उद्या बघू, आज पत्ता सांग." हे मात्र माझं त्या दिवसातलं एकमेव शहाणं वाक्य. गवताचं गोदाम उमरेड रोडला होतं, माझ्या नाकाबंदीपासून आठ किलोमीटर पुढं. किल्ली त्या माणसानं सकाळीच नेली होती.

आम्ही पोहोचलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. मोपेड बाहेर उभी. शेवटचे दोन आकडे जुळले. तो माणूस मागच्या बाजूला फोनवर बोलत होता, हातात बिस्किटाचा पुडा. पळाला नाही. मला पाहून त्याच्या तोंडून सवयीनं "रामराम साहेब" निघालं. एका माणसाला तो मूल विकणार होता, आणि तो माणूस सकाळी घ्यायला येणार होता. आम्ही रात्रभर वेण्या शोधत राहिलो असतो, तर सकाळी तिथं नुसतं गवत मिळालं असतं.

गोदामात वाळ्याचा वास कोंदला होता. मुन्नी गवताच्या ढिगावर बसली होती, ताठ, जागी. माझी गोळी तशीच मुठीत, कागदासकट. ताईंनी तिला उचललं. मी लांबच थांबलो. पण तिनं मला ओळखलं.

ताईंनी विचारलं, "बाळा, या साहेबाले काहून नाही सांगितलं वं, हा आपला बाबा नाही म्हणून?"

"तो म्हणे, बोलशील तर पोलीस आईले नेतीन. म्हणून मी नाही बोलली." मग माझ्याकडे पाहून, जरा रागानंच, "पण बोट त पकडलं होतं ना."

ठाण्यात आई आणि मुन्नी भेटल्या, ते वर्णन मी करणार नाही. मी तिथं नव्हतोच. हात धुवायला म्हणून मागच्या नळावर गेलो होतो आणि बराच वेळ धूत राहिलो.

खटल्यात तो फोटो मुख्य पुरावा ठरला. बचाव पक्षाच्या वकिलांनी उलटतपासणीत तो माझ्यासमोर धरला. "आरोपीशेजारी हसत उभी असलेली व्यक्ती कोण?" "मी." "मुलीला आरोपीच्या स्वाधीन कुणी केलं?" "मी." "मग आपण तपास अधिकारी आहात की सहआरोपी?" न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसायला घेतला. आरोपीला शिक्षा झाली. माझी अधूनमधून चालू असते, लग्नात, तेरवीला.

या प्रकरणानंतर आमच्या ठाण्याच्या नाकाबंदीत एक पद्धत पडली. लायसन्स मोठ्यांना मागायचं, पण गाडीवर मूल असेल तर खाली बसून, त्याच्या उंचीला येऊन, नाव त्यालाच विचारायचं. आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. मूल बोललं नाही तर त्याचे हात बघायचे. मी हे कुठल्या प्रशिक्षणात शिकलो नाही. साडेचार वर्षांच्या एका मुलीनं मला ते सांगितलं होतं, आणि मला कळायला दीड तास लागला.

निवृत्तीच्या कार्यक्रमात हवालदारांनी तोच फोटो मोठा करून, काचेत बसवून दिला. बायकोनं तो दाराजवळ लावला आहे, चपलांच्या वर, म्हणजे बाहेर पडताना रोज दिसतो. फोटोत आम्ही तिघं आहोत. आरोपी माझ्याकडे पाहतो आहे. मुन्नी माझं बोट धरून माझ्याकडे पाहते आहे. आणि मी कॅमेऱ्याकडे.