सहावा त्रिकोण

जन्मभर लोकांच्या घरी फरश्या बसवणारे अप्पा शिडीवरून पडले आणि डोक्याला मार लागला; तेव्हापासून आकारांचा अंदाज चुकू लागला. डॉक्टर म्हणाले, "यांच्याकडून आकार जुळवून घ्या." म्हणून लेकीने एक खेळ आणला. पटावर आळीपाळीने त्रिकोणी सोंगट्या ठेवायच्या, कडेला कड भिडवायची आणि सहावा त्रिकोण ठेवून जो षटकोन पुरा करील, त्याला गुण.

अप्पांनी सोंगटी उचलली आणि पटावर नुसती फिरवत राहिले. कड कुठे भिडते तेच कळेना. "माझं काम गेलं गं," ते पुटपुटले. लेक हसली खरी, पण तिने त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

रोज दोघं जीव मुठीत धरून खेळायला बसत. एका दुपारी लेकीने सोंगटी ठेवली आणि अप्पा थबकले. पाच त्रिकोण जुळले होते, सहाव्याची जागा उघडी होती, आणि हिने सोंगटी भलतीकडेच ठेवली होती.

"मुद्दाम हरतेस होय?" ते ओरडले.

लेक दचकली. "अप्पा, तुम्हाला दिसलं?"

ती जागा पुन्हा हरवेल या धास्तीने अप्पांनी झटकन आपली सोंगटी तिथे बसवली आणि कितीतरी वेळ बोट उचललंच नाही.