‘सोडू का’ला आलेलं उत्तर

या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी रोज वाचतो, पण खरं सांगू? एकावरही विश्वास बसला नव्हता. त्यात कॉम्प्युटर म्हणजे आपण सांगू तेवढंच करणारी वस्तू... असं मी मानायचो.

मी परभणीकडचा. नववीत शाळा सुटली. आता कामथडीला सलीमभाईंच्या वर्कशॉपमध्ये आहे. शेतातली मोटर मोबाईलवरून चालू-बंद करणारे बोर्ड आम्ही बनवतो. कॉम्प्युटर मला भाईंनीच शिकवला — दुपारचा डबाही त्यांच्याच घरून येतो.

गुंजवणे गावातल्या दगडूबापूंच्या शेतावर एक जुना बोर्ड बसवायचा होता. मोटर आणि मोबाईलमध्ये निरोप ने-आण करणारी लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामचा भाग, त्या बोर्डासाठी तयार मिळेना. भाई म्हणाले, “तिचा मूळ कोड, सोर्स, उतरव अन् त्यातनं तूच ती बिल्ड कर. जमलं तर उद्या बसवायला बी तूच जायचं.”

नाही जमलं तर भाईंना तोंड कसं दाखवू?

दुपारभर झटलो. एक फाईल दिली की दुसरी सापडेना... शेवटी एकदाचं बिल्ड झालं, इन्स्टॉल झालं. राहिली टेस्ट. बोर्डाची पाठवायची पिन आणि घ्यायची पिन वायरने जोडायची — जे पाठवू, तेच परत यायला हवं.

पण पाठवू काय? इकडे मोटर सुरू करून पाणी सोडण्याआधी माणूस ओरडतो, “सोडू का?” पलीकडून, खाचरातल्या माणसाचं “व्हय” आल्याशिवाय बटणाला हात लावत नाहीत. मी तेच टाईप केलं.

स्क्रीनवर आलं — फेल. पाठवलं ‘सोडू का’. मिळालं ‘व्हय’.

वायर घट्ट. नेट बंद. आमच्याकडे ‘हौ’ म्हणतात, ‘व्हय’ मी लिहीनच कशाला? अख्खा सोर्स धुंडाळला, तो शब्द कुठेच नाही.

“भाई... फेल झालं.”

भाईंनी चष्मा वर सारून वाचलं. मग म्हणाले, “गाढवा, फेल काय म्हनतोस? व्हय आलंय की! हितं यालाच पास म्हनत्यात.”

टेस्ट परत चालवली. ‘सोडू का’ गेलं, ‘सोडू का’ आलं. पास! त्यानंतर कधीच चुकली नाही.

दुसऱ्या दिवशी बोर्ड मीच बसवला. बापूंना घडलेलं सांगितलं, तर त्यांना काहीच नवल नाही. “मंग? तू इचारलंस, त्यानं सांगितलं. न इचारता सोडलं असतंस तर म्या शिव्या घातल्या असत्या.”

मोबाईलवर बोट ठेवलं अन् वरच्या खाचरात पाणी पडलं. बापू शेजाऱ्याला ओरडून म्हणाले, “ह्यो बघ, आमचा इंजिनेर!” मी तिथूनच आईला फोन लावला. फोन पडणाऱ्या पाण्याजवळ धरला.

वायर ढिली असती तर अक्षरं विस्कटली असती, त्यांचा नेमका शब्द कसा झाला? मला आजही माहीत नाही. इथे कुणाला कळलं तर जरूर सांगा.

प्रत्येक नव्या बोर्डाला मी अजून तेच विचारतो... आणि क्षणभर थांबतो.