शेवटच्या कडव्यातलं नाव

नऊ नोव्हेंबर, रविवार. पाणी भरून झाल्यावर वडिलांच्या कॅसेटी स्पिरिटच्या बोळ्याने पुसायला घेतल्या. फितींवर पांढरी बुरशी धरली होती. एकूण दहा कॅसेटी.

वडील आणि काका. काका सख्खे नव्हेत, वडिलांचे गायन पार्टीतले जोडीदार. वडील बेंजो वाजवून गात; काका गाणी लिहीत आणि दुसरा आवाज लावत. बेंजोला वायर जोडून तो भोंग्यावर सोडला की भीमजयंतीला आसपासच्या चार गावांची माणसं येऊन बसत. पंधरा-सोळा वर्षं ही जोडी जिल्हाभर गायली आणि मग फुटली. का फुटली हे घरात कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. वडील जाऊन तीन वर्षं झाली. काका शेलूबाजारला असतात. लकवा मारल्यापासून त्यांचा उजवा हात चालत नाही.

जोडीची सगळी गाणी एका पेटीत घालून गावच्या विहारात ठेवायचं गावकऱ्यांनी ठरवलं होतं: मूळ कॅसेटी, त्यांच्यावरून भरलेला पेनड्राइव्ह आणि गाण्यांची यादी. पेनड्राइव्ह कारंजाच्या दुकानातून पावसाळ्याआधीच भरून आला होता. यादीचं काम माझ्याकडे आलं, कारण कॅसेटी माझ्याकडे होत्या, आणि तशीही कामं माझ्याकडेच येतात.

कॅसेट पुसायची, लावायची, ऐकून लिहायचं. आमच्याकडच्या गाण्यांत शेवटच्या कडव्यात कवीचं नाव असतं, त्यामुळे शब्द कोणाचे हे विचारावं लागत नाही. नऊ कॅसेटींपुढे मी काकांचं नाव लिहिलं. दहावी कॅसेट जोडी फुटल्यानंतरची. वडील काकांशिवाय गायले होते. गाणी तीच, चालीही त्याच. शेवटच्या कडव्यात मात्र वडिलांचं नाव.

मागे कोरस होता. ती ओळ पुन्हा घेणारा एक पातळ, पोरीचा आवाज. तो माझा. मी तेव्हा सातवीत होते. काकांचं नाव काढून वडिलांचं घातलंय, हे मला तेव्हाही कळत होतं. मला ते आवडलंही होतं. ती ओळ मी जरा जास्तच जोरात म्हटली आहे.

धाकट्या भावाला फोन केला.

"फेकून दे ना ते कॅसेट," तो म्हणाला. "कोनाले काय समजते?"

"काकाले समजते."

"ताई, मेलेल्या बापाची इज्जत काहाडून राह्यली तू."

"मी बी गायली हाये त्याच्यात."

"मंग तर फेकच!"

फेकून भागणार नव्हतं. याच कॅसेटीच्या नकला गावात घरोघर आहेत. जयंतीला आजही त्याच वाजतात, आणि ती गाणी वडिलांनी लिहिली असंच सगळे धरून चालतात. पेटीतही खुलासा नसला, तर काकांचं नाव कायमचं जाणार होतं.

दहाव्या कॅसेटीपुढे मी लिहिलं: "शब्द काकांचेच. शेवटच्या कडव्यात गायकाने स्वतःचं नाव घातलं आहे. कोरस: गायकाची मुलगी." 'वडिलांनी' असं लिहायला हात धजला नाही.

सोमवारी सकाळी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि टेपरेकॉर्डर पिशवीत घालून जीपने शेलूबाजार गाठलं. काकूंनी दार उघडलं.

"बापाच्या मयतीले बलावलं नाही. आता काहून आली वो?"

"कॅसेट ऐकवाले."

काकांच्या खाटेशी बसून आधी यादी वाचली, मग दहावी कॅसेट लावली. शेवटचं कडवं आलं तशा काकू उठून आत गेल्या. काका शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"कोरस तुहा," ते म्हणाले. लकव्यामुळे शब्द जड येत होते.

"हो काका. मले तवाच माईत होतं."

त्यांनी डाव्या हाताने टेप बंद केला. मग म्हणाले, "बेंजो चांगला वाजवला त्यानं. ठेव पेटीत. लिवलं ते बी ठेव."

यादीवर त्यांची सही घेतली. डाव्या हाताने जमेना, म्हणून कागदाखाली ताट धरलं. अर्धं नाव रेघेच्या खाली घसरलं. शाई वाळल्यावर कागदाची घडी केली, आणि परतल्यावर, ऑफिस गाठायच्या आधी, सगळं भरून पेटी विहारात पोचती केली.