पाझराची बाटली

देऊळघाटकडच्या एका खासगी रिसॉर्टमध्ये डबा खायला सगळ्यांत हिरवीगार जागा मीच शोधली. बोटिंगच्या तळ्यासाठी मालकाने बांधलेल्या छोट्या मातीच्या धरणाखाली. ऐन उन्हाळ्यात एवढं लुसलुशीत गवत! बायकोसमोर मी ऐटीत सतरंजी अंथरली.

शेजारी डोक्याला दुपट्टा बांधलेला एक म्हातारा बसला होता. धरणातून झिरपणारं पाणी तो काचेच्या बाटलीत धरी, उन्हात निरखून पाही, ओतून देई आणि पुन्हा धरी.

"काका, काय पाहून राह्यले?"

"नितळ हाये तोवर बसा. गढूळ आलं म्हंजे आतली माती वाहून राह्यली. मंग पळा."

माझा घास हातातच राहिला. "मालकाले सांगतलं का?"

"सांगतलं ना. त्यानं बोर्ड लावला."

बोर्ड त्याच्या मागेच होता: 'नैसर्गिक झरा. येथे फोटो काढा.'

"अन् सरकारी तपासणी?"

"झाली ना! साहेब आले व्हते, बायकापोराईसंगं. तुमी बसले तिथंच जेवले. जागा लय आवडली त्याईले."

"मंग गढूळ आलं तं लोकाईले सांगता कसं?"

त्याने गळ्यातली शिट्टी दाखवली. "पन बोटवालाबी शिट्टीच वाजवते. मी वाजवली का लोक बोटीकडं पळतात."

मी सतरंजी गुंडाळली. त्याने मान डोलावली आणि बाटली पुन्हा पाझराला लावली.

गाडीत बसल्यावर बायकोने मागे वळून धरणाकडे पाहिलं. मग म्हणाली, "आपल्याले त्यानं उठवलं. त्याले कोन उठवीन हो?"