स्लॅबवर वाळवलेली सफरचंदं

आजाऱ्याला बघायला जाताना सफरचंदं न्यायची, ही रीत ज्यानं काढली त्यो मला एकदा भेटायला पायजे. पिशवीतली सगळी सफरचंदं त्येच्याच डोक्यावर ओतणार हाय मी. आमच्या गडमुडशिंगीत कुणी दवाखान्यात पडलं की अख्खी भावकी निघते, आणि परत्येकाच्या हातात तीच पिशवी. खाणारा एक, आणणारं गावभर. आजाऱ्याला ती चालतात का, कुणी इचारत न्हाय.

मी श्यामला. बनाबाई माझी थोरली जाऊ, तिला आमी सगळी अक्का म्हणतो. हे तिचंच सांगतोय, आणि ऐकून तिला राग आला तर येऊ दे. राग काय तिच्या एकटीच्या मालकीचा न्हाय.

अक्का काय टाकून देणारी बाई न्हवं. मेथी उरली, वाळव. गवारी निबर झाली, वाळव. कोथिंबिरीच्या काड्यासुदीक तिनं स्लॅबवर वाळवून आमटीत घातल्यात. कडक ऊन लागलं की जिनसाचा कस वाढतो, असं तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. चटणीच्या मिरच्यांपुरतं ते खोटं बी न्हाय. उन्हाळ्यात त्या स्लॅबवर पाय ठेवायची आमाला चोरी असते.

तिचं मालक कृष्णात, म्हंजे माझं थोरलं भावजी, फौंड्रीत राबून रिटायर झालेलं. शुगर जुनीच. नवी चप्पल अंगठ्याला चावली, जखम चिघळली, आणि दवाखाना मागं लागला. डॉक्टरनं सरळ सांगितलं, शुगर उतरली तर अंगठा राहील, न्हाय तर काढावा लागंल. जाता जाता म्हणाला, "गोड बंद करा. रोज एखादं सफरचंद चालेल." आणि गेला पुढच्या खाटेकडं. आणखी दोन वाक्यं बोलला असता तर त्येची जीभ झिजली असती काय?

डिस्चार्ज घेऊन घरी आलो तर सफरचंदांचा ढीग, निम्मी नासायला टेकलेली. अक्कानं विळी वढली. "मेण फासलेलं असतंय मुडद्यांनी," म्हणत साली काढल्या आणि म्हशीच्या पुढ्यात टाकल्या. गराच्या पातळ चकत्या करून जुन्या लुगड्यावर पसरल्या, आणि मोडल्यावर कट्ट वाजेस्तोवर उन्हात ठेवल्या. डबं भरलं. मग सकाळी एक मूठ, दुपारी एक मूठ, रात्री निजताना एक मूठ.

भावजी म्हणालं, "अगं, हे लई गोड लागतंय."

"फळाचं गोड हाय ते, साखरंचं न्हवं. खावा गप."

शुगर उतरायची सोडून चढली. परत बोटाला टोचून बघितलं, आणखी चढलेली. चहातली साखर अक्कानं कवाच बंद केलती. गुळाचा रवा, अख्खी ढेपच, उचलून माझ्या घरात आणून ठेवलता. भात न्हाय, केळं न्हाय. तरी चढतीया म्हंजे ह्यो माणूस बाहेर चोरून खातोय, असं तिनं ठरवूनच टाकलं. सदऱ्याचं खिसं उलटं करून बघितलं. काय घावलं न्हाय, तर आणखीनच पेटली.

आणि एक दिवस भर चौकात गणपतरावाच्या हाटेलाम्होरं जाऊन हुबी राहिली. "माझ्या नवऱ्याला चोरून साखर घालतायसा व्हय? त्येंचा पाय गेला तर तुमी देणार हायसा?" असा आवाज की एस.टी.ला थांबलेली माणसं वळून बघाय लागली. भावजी तिथंच बाकड्यावर हुतं. पुढ्यात बिनसाखरेचा चहा. ते उठलं, मान खाली घालून लंगडत घरी आलं.

"तुझ्या गळ्याची शपथ, मी काय खाल्लं न्हाय."

"शपथा घालून माझ्या गळ्यावर कशाला उठताय?" म्हणाली, आणि तिथनं तिनं बोलणंच टाकलं. सफरचंदाची मूठ मात्र चुकवली न्हाय. ताटली म्होरं आदळायची आणि निघून जायची.

पुढच्या खेपेला मी बी दवाखान्यात संगं गेलतो. आहाराचं सांगणारी एक मॅडम हुती, संयोगिता नावाची. अक्कानं नवऱ्याची गाऱ्हाणी सुरू केली, आणि आपण किती करतोय ते दाखवायला पिशवीतनं डबा काढला. मॅडमनं झाकण उघडलं, एक चकती मोडून बघितली.

"मावशी, हे रोज किती देता?"

"तीन मुठी."

"एका मुठीत दोन-अडीच सफरचंदं आहेत ही. उन्हानं पाणी उडालं, साखर जिथल्या तिथं राहिली. जखम भरायला जे सी जीवनसत्त्व लागतं, ते मात्र ऊन-वाऱ्यात बरंचसं गेलं. आणि साल कुठाय? चोथा त्यात होता, अंगाला चांगली द्रव्यंही गरापेक्षा सालीतच जास्त."

"म्हशीला घातली," अक्का म्हणाली. खोलीत कुणी हसलं न्हाय.

मग ती मॅडमवरच उसळली. "हे तवाच का न्हाय सांगितलंसा? एखादं चालंल म्हणाला तुमचा डॉक्टर. ओलं का वाळलं, सालीसकट का बिनसालीचं, कुणी सांगायचं? आमी काय पोटातनं शिकून आलोय?" अक्काचं त्यात काय चुकलं, ते मला आजवर कुणी दाखवून दिलेलं न्हाय.

अंगठा काढला. सफरचंदानंच गेला असं डॉक्टर म्हणत न्हाय, जखम आधीच खोल हुती म्हणतो. अक्काला ते पटत न्हाय. ऑप्रेशननंतर परत पिशव्या घेऊन भावकी आली, तवा दारातनंच सगळ्यांस्नी माघारी धाडलं मी. कुणाला राग आला असंल तर आला.

भावजींना घरी आणताना अक्कानं चौकात रिक्षा थांबवाय लावली. पदर खोचून खाली उतरली आणि गणपतरावाच्या हाटेलाम्होरं, त्याच जागी, हुबी राहिली. मला वाटलं, आता आणखी कुणाचा उद्धार करती.

"गणपतराव," ती वरडली, आवाज तसाच, तेवढाच मोठा. "माझ्या नवऱ्यानं चोरून काय खाल्लं नव्हतं. तुमी बी काय घातलं नव्हतं. मी घातलं, माझ्या हातानं."

भावजींनी रिक्षातनं डोकं बाहेर काढलं. पाय पट्टीत गुंडाळून सीटवर आडवा ठेवलेला.

"अगं, हळू बोल की. अख्खं गाव ऐकतंय."

"ऐकू दे," अक्का म्हणाली. "त्या दिवशी बी ऐकलंतं."