अंगणातलं वाफेचं इंजिन

इंजिन बनवायला घेतलं तेव्हा वाटलं होतं, वर्षभरात हातावेगळं होईल. तीन वर्षं झाली. इंजिन तयार झालं का, ते मला सांगवत नाही, पण किस्से मात्र भरपूर तयार झालेत! वाशिमात चहाच्या टपरीवर मी दिसलो की लोक आधी हसून घेतात, मग नमस्कार करतात.

तीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. वाफेचं इंजिन फळ्यावर इतकं झकास काढायचो की रिटायर झाल्यावर वाटलं, आता खरंच बनवू. लांब धुराड्याचं, अगदी पहिल्या काळातलं इंजिन. हातभर लांबीचं मॉडेल. फळ्यावरचं इंजिन कधी गळत नाही, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

*

चाकं करायला दिली रफिककडे. त्याचं लेथ मशीनचं वर्कशॉप आहे आणि तो माझाच विद्यार्थी. मी कागदावर लिहून दिलं, 'मोठी चाकं, व्यास १२.' आठ दिवसांनी तो ऑटोतून चाकं घेऊन आला. एकेक चाक परातीएवढं! मला हवे होते बारा सेंटिमीटर, त्याने केले बारा इंच. मी चिडलो, तर त्याने शांतपणे माझाच कागद पुढे केला.

"सर, एकक लिहिलं नाही म्हणून तुमी माझा अर्धा मार्क कापला होता. आता तुमचा किती कापू?"

*

रिठदचे माझे साडू शेतकरी. त्यांनी तांब्याचा बॉयलर, नळ्या, सगळं निरखून पाहिलं, दोन्ही हातांनी उचलून पाहिलं. मला वाटलं, चला, नात्यात एक तरी कदरदान निघाला.

"फवारणीचा पंप चांगला हाय," ते म्हणाले. "पण पाठीवर घ्याले पट्टा कुठी हाय?"

*

बॉयलरला जादा वाफ सोडायला म्हणून मी कुकरची जुनी शिट्टी बसवली आणि अंगणात गॅसवर तापवायला ठेवलं. एक शिट्टी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. आता चाकं फिरणार, तेवढ्यात बायको पदराला हात पुसत बाहेर आली, सवयीने गॅस बंद केला आणि आत निघून गेली. मी ओरडलो, तर आतून म्हणाली, "वाढतो ना, जरा दम धरा!"

*

बापू आमच्या गल्लीतले. छोट्या रेल्वेलाईनच्या काळात ते इंजिनावर फायरमन होते. कोळसा टाकण्यात सारी नोकरी गेली. तीन वर्षं दर रविवारी येऊन खुर्चीत बसायचे आणि एकच विचारायचे, "चाललं का, सर?" मी नकारार्थी मान हलवायचो, ते चहा पिऊन घरी जायचे. तुमच्यासमोर चालवून दाखवीन, असं मी एकदा बोलून बसलो होतो. आणि आता मुलगा त्यांना कायमचं पुण्याला नेणार होता, सोमवारीच. म्हणजे तो रविवार शेवटचा.

सारी गल्ली जमली. रफिकने रूळ अंथरले. वाफ तयार झाल्यावर मी कॉक उघडला. इंजिन फुसफुसलं, थरथरलं, धुराड्यातून वाफ सुटली, पण जागचं हललं नाही. पुन्हा उघडला. पुन्हा तेच. मागून कुणीतरी हसलं, मग सगळेच हसायला लागले. मला फार लाज वाटली. बापूंकडे बघायची हिंमत होईना.

बापू काठी टेकत उठले. इंजिनाजवळ जाऊन वाकले आणि ती फुसफुस बराच वेळ ऐकत राहिले. मग लोकांकडे वळून त्यांनी दरडावलं,

"हासता कायले? त्याले सिग्नल नाही भेटला."